फवारणी पंपात शंट प्लसला लावू की मायनसला?

द्राक्षबाग_नाशिक: पाठीवरचा बॅटरी पंप आहे, १२ व्होल्ट ८ एएच. मोटर ३ अँपिअरच्या आसपास घेते. स्पीडचा नॉब पीडब्ल्यूएमवाला (मोटर झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणारा), त्याचा स्विच म्हणजे मॉस्फेट मायनसच्या बाजूला. अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) बसवून बॅटरी किती खर्च झाली ते बघायचंय, आणि टाकी रिकामी झाली की बझर वाजला पाहिजे. करंट मोजायचा शंट (अगदी कमी ओहमचा रेझिस्टर) नेमका कुठे टाकू?

सोल्डर_गन: प्लसलाच. मायनसला टाकलं की ग्राउंड (शून्य व्होल्टची पातळी) हलतं. आयएनए२१९ या करंट मोजणाऱ्या चिपचं तयार मोड्युल घ्या.

वाइंडिंगवाले_काका: अहो, ग्राउंड हलून हलून हलणार किती? २० मिलिओहमच्या शंटवर ३ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट. मोटरला पत्ताही लागत नाही. आणि त्या मोड्युलवर ०.१ ओहमचा शंट असतो, ३.२ अँपिअरला त्याची मजल संपते. मोटर सुरू होतानाच त्याच्या वर जाईल.

भाऊ, तुमच्या पंपाला मायनसच बरा. शंट मॉस्फेटचा सोर्स पाय आणि बॅटरीचा मायनस यांच्या मध्ये, नॅनोचं ग्राउंड शंटच्या बॅटरीकडच्या टोकाला. नॅनोच्या एडीसीचा (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) रेफरन्स, म्हणजे मोजायची कमाल मर्यादा, १.१ व्होल्ट ठेवा, म्हणजे एक पायरी साधारण ५४ मिलिअँपिअरची पडते. ५ व्होल्टवर ठेवलात तर पाव अँपिअरच्या उड्या दिसतील. मोटर कोरडी फिरली की करंट उतरतो, त्यावर बझर.

मॉस्फेट बंद असताना मोटरचा करंट मोटरला समांतर असलेल्या डायोडमधून फिरतो, तो या शंटला दिसत नाही. तुम्हाला बॅटरीचा खर्च हवाय, त्यामुळे ते सोयीचंच आहे. १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावून सरासरी घ्या.

जागेपेक्षा जास्त घोळ वायरींचा होतो. दीड चौरस मिमीची वीतभर वायर मोजमापात आली तर जवळजवळ अडीच मिलिओहम वाढले, म्हणजे १२ टक्के चूक. एडीसीच्या दोन बारीक वायरी थेट शंटच्या पायांवरच सोल्डर करा. लग, कनेक्टर, काही मध्ये नको.

द्राक्षबाग_नाशिक: धन्यवाद काका. हेच ट्रॅक्टरवरच्या १२ व्होल्टच्या मोटरला चालेल?

वाइंडिंगवाले_काका: नाही. तिथे मोटरची बॉडी चेसिसला टेकलेली असते, करंट तुमचा शंट चुकवून लोखंडातून परत जाईल. तिथे सोल्डर_गन म्हणतात तसं प्लसलाच. फक्त आयएनए२१९ ची मर्यादा २६ व्होल्ट आहे, आणि चालत्या इंजिनावर बॅटरीचा लग सैल झाला तर अल्टरनेटर त्याच्या वर उसळी मारतो. आधी टीव्हीएस डायोड (अशी उसळी शोषणारा) लावा.