पेरिविंकल: सदाफुली की गोगलगाय?

अनुस्वार: अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरील एका लेखाचा अनुवाद करताना 'पेरिविंकल' या शब्दापाशी अडले आहे. हाताशी असलेल्या कोशात केवळ 'सदाफुली' मिळते. मूळ लेखात मात्र ओहोटीच्या खडकांवर शेवाळ खाणारा, लहानशा शंखात राहणारा जीव अभिप्रेत आहे. त्याला मराठीत काय म्हणावे?

शब्दांकित: हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. फुलाचे नाव लॅटिन 'पेर्विन्का'वरून आले, तर या जीवाचे जुन्या इंग्रजीतून. संस्कृत 'शंबूक' उपलब्ध असताना परका शब्द ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कातळकाठ: शंबूक म्हटले की वाचकाला रामायणातला तपस्वी आठवेल. माझे बालपण रत्नागिरीजवळ गेले. कालवे आणि तिसऱ्या यांना नेमकी नावे आहेत, कारण त्या ताटात येतात; कातळाला बिलगलेल्या बारीक जिवांना आजी नुसतेच 'शंख' म्हणत असे.

अनुस्वार: मग 'कालव' चालेल का? तेही खडकालाच असते.

कातळकाठ: नाही, ताई. कालवाचे एक कवच खडकाला कायमचे जखडलेले असते आणि ते पाणी गाळून त्यातले अन्न घेते. हा जीव हिंडतो.

दूरदेशी: इंग्लंडमध्ये हे उकडून खातात आणि टाचणीने मांस बाहेर काढतात. 'शंख' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवघर येते, म्हणून मी 'सागरी गोगलगाय' सुचवीन. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आणि 'उदरपाद' ही शास्त्रीय संज्ञा एकच गोष्ट सांगतात, याचा मला फार आनंद वाटतो.

शब्दांकित: त्यातली 'गाय' दोन शिंगांमुळे आली असावी, असे मी पूर्वीपासून मानत आलो आहे. परंतु मग क्रियापद 'खरवडणे' घ्यावे, कारण तिच्या तोंडात असंख्य बारीक दातांची, कानशीसारखी पट्टी असते आणि तिने ती खडकावरचे शेवाळ खरवडून काढते. 'चरणे' हे शिथिल वाटते.

दूरदेशी: मला ते अचूक वाटते. सागरी परिसंस्थांच्या अभ्यासक जेन लुबचेन्को यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यू इंग्लंडच्या खडकांमधील डबक्यांत हेच जीव कमी-अधिक करून पाहिले होते. जीव काढून घेतले तेथे मऊ हिरवे शेवाळ माजले. जेथे सोडले तेथे त्यांनी ते संपवले आणि चिवट लाल शेवाळ पसरले, कारण त्याला ते सहसा तोंड लावत नाहीत.

कातळकाठ: मग 'चरणे'च योग्य आहे. नुसत्या खरवडण्यात निवड नसते, चरण्यात असते. आमच्या सड्यावर गुरे सगळे गवत संपवतात आणि घाणेरी मात्र तशीच उभी राहते.

शब्दांकित: गुरे घाणेरी टाळतात ती विषारी म्हणून; लाल शेवाळ केवळ चिवट आहे. दोन्हींना एकच क्रियापद लावणे मला अजूनही पटत नाही.