प्रौढांसाठीची ग्राफिक नॉव्हेल्स: सुरुवात 'वॉचमेन'पासूनच करावी का, आणि ती वाचायची कशी?

कागदवेडा

नमस्कार मंडळी,

वाचनाची सवय कादंबऱ्यांची आहे, कॉमिक्सची नाही. प्रौढ वाचकांसाठीच्या ग्राफिक नॉव्हेल्सची कुठलीही यादी काढली की 'वॉचमेन' (ॲलन मूरने लिहिलेली बारा अंकांची सुपरहिरो कथा) वर असतंच, म्हणून तेच घेतलं. पहिला अंक पंधरा मिनिटांत संपला. कथा कळते, संवाद कळतात, पण एवढं नावाजण्यासारखं काय ते दिसत नाही. काहीतरी वाचायचं राहून जातंय असं वाटतं.

विचारायचं ते असं. सुरुवात याच पुस्तकाने करावी की दुसऱ्या? 'प्रौढांसाठी' या शिक्क्याचा अर्थ रक्तपात आणि नग्नता एवढाच घ्यायचा का? आणि टॅबवर वाचलेलं चालतं, की छापील प्रतच हवी?

तिसरी_चौकट

तुम्ही संवादांचे फुगे वाचलेत, पानं वाचली नाहीत. कादंबऱ्या वाचणाऱ्यांचं सुरुवातीला हमखास हेच होतं. नजर एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर जाते आणि चित्र म्हणजे मजकुराभोवतीची सजावट, असं मन धरून चालतं. चांगल्या ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्र मजकुराचीच री ओढत नाही. ते दुसरं काहीतरी सांगत असतं, कधी कधी अगदी उलटही.

'वॉचमेन'चं पहिलंच पान पुन्हा काढा. मजकूर आहे रॉरशाक या मुखवटेधारी नायकाच्या रोजनिशीचा, शहराबद्दलच्या तिरस्काराने भरलेला. चित्रात मात्र नजर रक्ताने डागाळलेल्या पिवळ्या बॅजपासून निघते आणि चौकटीगणिक वर वर जात थेट इमारतीच्या खिडकीशी पोचते. खाली एक जण पाइपने फुटपाथवरचं रक्त धुतोय. त्याच रक्तातून हातात फलक घेतलेला लाल केसांचा एक माणूस चालत जातो आणि मागे त्याच्या बुटांचे ठसे उमटतात. रोजनिशी त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हा फलकवाला पुढे कुठे कुठे दिसतो ते लक्षात ठेवत चला. पाचवा अंक संपला की पहिलं पान पुन्हा उघडाल.

रीत सोपी आहे. समोरासमोरची दोन पानं उघडा आणि दहा-पंधरा सेकंद एकही अक्षर वाचू नका. चौकटी किती, सगळ्यात मोठी कोणती, रंग कुठे बदलतो, एवढंच बघा. मग मजकुरासकट वाचा. पान उलटायच्या आधी शेवटच्या चौकटीवर क्षणभर थांबा, कारण लेखक-चित्रकार उत्कंठेची जागा बहुतेक वेळा तिथेच ठेवतात. दाट पानाला दोन मिनिटं लागली तर ती वाया गेली असं समजू नका.

या पुस्तकात चित्रकार डेव्ह गिबन्सने बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीवर बसवली आहेत, तीन आडव्या ओळी आणि प्रत्येकीत तीन. जाळी पक्की असल्यामुळे तिचा ठेका डोळ्यांत बसतो, आणि दोन-तीन चौकटी जोडून एक रुंद चौकट आली की वेळ ताणल्यासारखा वाटतो. बाराव्या अंकाची सुरुवात सलग पूर्ण पानभर चित्रांनी होते. तिथे बसणारा धक्का आधीच्या अकरा अंकांतल्या शिस्तीमुळे बसतो. ठेका न पकडता वाचलं तर ती नुसती मोठी चित्रं.

पाचवा अंक तर आरशासारखा रचलाय. अठ्ठावीस पानं. पहिलं पान अठ्ठाविसाव्याशेजारी ठेवून बघा, दुसरं सत्ताविसाव्याशेजारी, असं करत चौदा-पंधरापर्यंत या, म्हणजे ऐन मध्यावरच्या जोडपानापर्यंत. चौकटींची मांडणी जोडीजोडीने जुळते. हे बघायला छापील प्रत आणि दोन बोटं पुरतात.

आणखी दोन गोष्टी नवे वाचक टाळतात आणि पुढे अडखळतात. पहिल्या अकरा अंकांच्या शेवटी गद्य पानं आहेत, आत्मचरित्राचे भाग, अहवाल, कात्रणं. ती परिशिष्टं समजून सोडू नका, पात्रांचा निम्मा भूतकाळ तिथेच आहे. दुसरं म्हणजे पेपरवाल्याच्या टपरीपाशी एक मुलगा समुद्री चाच्यांचं कॉमिक वाचत बसतो. त्या कॉमिकचा मजकूर रस्त्यावरच्या चित्रांवर येऊन बसतो. तो वेगळा काढून वाचायचा नाही. मजकूर समुद्रावरचा आणि चित्र रस्त्यावरचं, दोन्ही एकाच वेळी एकमेकांवर भाष्य करत असतात.

काळापांढरा

वाचायची रीत अगदी बरोबर, सहमत. पण पहिलं पुस्तक म्हणून 'वॉचमेन' नको, हे माझं ठाम मत. ते सुपरहिरो कॉमिक्सच्या सवयींबद्दलचं कॉमिक आहे. त्या सवयी अंगवळणी पडलेल्या नसतील तर त्या मोडल्याचं जाणवणार कसं?

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे शिक्क्याबद्दलच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल. अमेरिकेत १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्द नकोत, व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ नकोत, पोलीस-न्यायाधीशांचा मान कमी होईल असं काही नको, आणि शेवटी दुष्टाचा पराभव झालाच पाहिजे. कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायला नाखूश असायचे. १९७१ मध्ये नियम थोडे सैल झाले. १९८४ साली डीसी या प्रकाशकाच्या 'स्वॅम्प थिंग' या भयमालिकेचा २९वा अंक शिक्क्याविना बाहेर पडला. पुढे 'प्रौढ वाचकांसाठी' ही ओळ मुखपृष्ठावर दिसू लागली आणि १९९३ मध्ये कॅरेन बर्गरच्या संपादनाखाली व्हर्टिगो ही डीसीची स्वतंत्र शाखाच उभी राहिली. प्रकाशकांपैकी मार्व्हलने कोड सोडला २००१ मध्ये, डीसी आणि आर्चीने २०११ मध्ये. म्हणजे 'प्रौढांसाठी' याचा मूळ अर्थ 'कोडच्या चौकटीत न बसणारं' एवढाच. त्यात उत्तम काम आलं आणि नुसतं रक्त उडवणारंही आलं. शिक्का दर्जाची हमी देत नाही.

जपानी कॉमिक्समध्ये, म्हणजे मांगात, वेगळाच घोळ होतो. 'सेइनेन' हा शब्द बघून लोक त्याला वयाची अट समजतात. ते मासिकाच्या वाचकगटाचं नाव आहे, तरुण पुरुषांसाठीच्या मासिकांचं. त्यात शांत घरगुती कथा असतात आणि 'बर्सर्क'सारखी लैंगिक हिंसा दाखवणारी मालिकाही असते. मुखपृष्ठावर तलवार दिसली म्हणून साहसकथा समजून कुणाला देऊ नका.

सुरुवातीला माझ्या मते 'माउस' घ्या. आर्ट स्पीगलमनने सांगितलेली, नाझी छळातून वाचलेल्या आपल्या ज्यू आईवडिलांची कहाणी, दोन खंड, १९८६ आणि १९९१, आणि १९९२ चं विशेष पुलित्झर. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, इतकं बहुतेकांना ऐकून माहीत असतं आणि रूपक सोपं आहे म्हणून ते सोडून देतात. रूपक खरं कामाला लागतं ते ताणलं जातं तिथे. वडील आणि आई पोलिश असल्याचं भासवत लपतछपत हिंडतात तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर डुकराचे मुखवटे आहेत. वडील सांगतात की आईच्या रूपावरून ती ज्यू आहे हे चटकन ओळखू यायचं, आणि चित्रात तिच्या कोटाखालून उंदराचं शेपूट लोंबतंय. संवादात शेपटाचा उल्लेखही नाही. त्याच सुमारास एक चौकट येते, दोघं निघालेत, कुठे जायचं ठाऊक नाही, आणि पुढचे रस्ते स्वस्तिकाच्या आकारात फुटलेत. वाट कुठलीही धरली तरी त्याच चिन्हावरून चालायचं. कादंबरीत ही गोष्ट एवढ्या जागेत, एकही शब्द न वाढवता सांगता येईल असं मला वाटत नाही.

त्यानंतर 'पर्सेपोलिस'. मार्जान सात्रापीची इराणमधल्या लहानपणापासूनची आत्मकथा, मूळ फ्रेंच, २००० ते २००३, चार खंड. यात एका राजकीय कैद्याचे तुकडे केल्याचा प्रसंग आहे. चित्रात मात्र बाहुलीसारखं शरीर सांध्यांवर स्वच्छ कापलेलं दिसतं, आतून पोकळ. कारण ऐकणारी लहान मुलगी आहे आणि तिच्या कल्पनेला तेवढंच झेपतं. रक्ताचा थेंब नाही, तरी ती चौकट विसरता येत नाही. 'प्रौढ' याचा अर्थ शोधायचा असेल तर तो इथे आहे. जे दाखवलं नाही त्याचं ओझं वाचकाने उचलायचं.

आणि मग पत्रकार-चित्रकार जो सॅको, 'पॅलेस्टाइन'. एका माणसाच्या कोठडीतल्या दिवसांचं प्रकरण आहे, त्यात पानागणिक चौकटी लहान होत जातात आणि त्यांची संख्या वाढत जाते. मांडणीच कोठडी होते. तो सुटतो तेव्हा पान मोकळं होतं आणि आपणही श्वास सोडतो.

हे तीन झाले की 'वॉचमेन'कडे परत या.

शिवणबांधणी

पुस्तकांबद्दल वर चांगलं लिहिलंय, मी फक्त टॅब आणि आवृत्त्यांबद्दल लिहिते. चुकीची आवृत्ती चांगलं पुस्तक मारून टाकते.

आकाराचा हिशेब आधी करा. अमेरिकी कॉमिकचं पान साधारण १७ × २६ सेंमी असतं. साधारण दहा इंची टॅबचा पडदा उंचीला जेमतेम २० सेंमी भरतो, म्हणजे पान तीन-चतुर्थांश आकारात दिसतं. चालतं, पण बारीक अक्षरांना डोळे ताणावे लागतात. फ्रेंच-बेल्जियन अल्बम, म्हणजे टिनटिनसारखं मोठ्या आकाराचं कॉमिक पुस्तक, २४ × ३२ सेंमीपर्यंत जातो, तो त्याच पडद्यावर ६० टक्क्यांच्या आसपास येतो आणि पार्श्वभूमीचं सगळं बारीक काम गिळलं जातं. जपानी खंडाचं पान मुळातच लहान असतं, सुमारे १२ × १८ सेंमी, म्हणून ते टॅबवर पूर्ण आकारात मावतं. थोडक्यात मांगा टॅबवर खुशाल वाचा, अल्बम छापील घ्या, अमेरिकी कॉमिक मधल्यामध्ये.

एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, ती बंद ठेवा. तिसरी_चौकट यांनी जाळीचा ठेका सांगितला तो त्यात साफ नाहीसा होतो. सगळ्या चौकटी पडद्याएवढ्याच दिसतात, मग रुंद कोणती आणि अरुंद कोणती? 'पॅलेस्टाइन'चं ते प्रकरण तसं वाचलं तर त्यातलं काहीच उरत नाही. फोनवर मात्र दुसरा इलाज नसतो, म्हणून फोनवर वाचूच नका.

जोडपानासाठी टॅब आडवा धरावा लागतो आणि पान आणखी लहान होतं. छापील प्रतीत वेगळी अडचण. हजारेक पानांचे जाडजूड खंड नुसत्या गोंदाने चिकटवलेले असतील तर पूर्ण उघडत नाहीत, आणि जोडपानाच्या मधला सेंटिमीटरभर भाग पाठीच्या घडीत जातो. जोर लावून उघडलं तर पाठ तडकते आणि पानं सुटायला लागतात. फर्मे (एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून बांधलेली प्रत सपाट उघडते. विकत घेण्याआधी पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. पानांच्या घड्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत दिसल्या तर बहुधा शिवण आहे.

रंग बदललेल्या आवृत्त्या हा तर स्वतंत्र विषय. 'द किलिंग जोक' (बॅटमन आणि जोकरची कथा) १९८८ मध्ये आलं तेव्हा रंग जॉन हिगिन्सचे होते, जांभळे-नारिंगी, भडक, अंगावर येणारे. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः ते पुन्हा रंगवलं. थंड, मंद छटा, आणि भूतकाळातले प्रसंग जवळजवळ कृष्णधवल, त्यात एखादीच वस्तू लाल. रेषा त्याच, पण पहिलं तापात पाहिलेल्या स्वप्नासारखं वाटतं आणि दुसरं पोलिसांच्या फाइलसारखं. मला जुनं आवडतं, कारण वेडाची कथा नीटनेटकी दिसू नये. लाल वस्तूंचा माग काढायला आवडत असेल तर दुसरं घ्या.

'अकिरा' ही मांगा मालिका घेताना वाचनाची दिशा तपासा. मूळ मालिका १९८२ ते १९९०, सहा जाड खंड, उजवीकडून डावीकडे. इंग्रजीतली १९८८ पासूनची रंगीत आवृत्ती आणि नंतरचे कृष्णधवल खंड आरशातल्यासारखे उलटवलेले होते, त्यामुळे उजवा हात डावा होतो. मोटारसायकलींच्या पाठलागात चित्रकाराने ज्या दिशेने वेग आखला तो उलट बाजूला जातो. २०१७ च्या संचात मूळ दिशा आहे आणि आवाजाची जपानी अक्षरंही चित्रात जागच्या जागी ठेवलीत. दिशेची सवय पन्नासेक पानांत होते. त्याआधी हमखास चुकतं ते एवढंच की लोक पान उजवीकडून वाचतात, पण चौकटीतले फुगे डावीकडून. फुगेही वरून उजवीकडूनच घ्यायचे.

कागदवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं पान पुन्हा काढलं, तो फलकवाला खरंच पूर्वी दिसलाच नव्हता! 'माउस' मागवतोय. अजून एक. ही पुस्तकं कपाटात राहणार आणि घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. मुखपृष्ठावरच्या शिक्क्यावर विसंबू का? आणि जॅक द रिपरच्या खुनांवरचं 'फ्रॉम हेल' कधी घ्यावं?

काळापांढरा

शिक्क्यावर विसंबू नका, आधी स्वतः वाचा. 'माउस' चौदाव्या वर्षी देता येईल, पण पहिल्या खंडात आईच्या आत्महत्येवरची चार पानं वेगळ्या, ओरखडल्यासारख्या शैलीत आहेत. ती वाचल्यावर तिच्याशी बोलायला घरी असा. 'पर्सेपोलिस'मध्ये छळाचे उल्लेख आहेत, पण नायिका लहान आणि किशोरवयीन असल्याने या वयाला ते जवळचं वाटतं. 'वॉचमेन'च्या दुसऱ्या अंकात बलात्काराचा प्रयत्न थेट दाखवलाय, ते थोडं थांबवा.

'फ्रॉम हेल' सगळ्यात शेवटी, आणि वरच्या कप्प्यात. दहावं प्रकरण जवळजवळ पूर्णपणे एका खुनाचं आणि प्रेताच्या चिरफाडीचं आहे, चित्रकार एडी कॅम्पबेलच्या ओरबाडलेल्या काळ्या रेषांत. वाचताना दोन खुणा ठेवा, एक कथेत आणि एक मागच्या टिपांत. लेखक ॲलन मूरने जवळजवळ पानागणिक लिहिलंय की कशाला आधार आहे आणि काय त्याने स्वतः रचलं. प्रकरण आधी सलग वाचा, मगच त्याच्या टिपा. उलटसुलट पानं चाळत बसलात तर चौथ्या प्रकरणातल्या लंडनच्या लांबलचक फेरीतच दमाल.