सेंट अँड्र्यूज ओल्ड कोर्सवर गोल्फ: बाबा एकटेच खेळणार आहेत, टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी,

मी एडिंबराला असते. मे महिन्यात आई-बाबा येताहेत. आईला किल्ला, हायलँड्स, स्काय असं सगळं बघायचंय. बाबांना एकच हवंय: सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स, म्हणजे तिथलं जुनं गोल्फचं मैदान. नुसता बघायचा नाही, खेळायचा. निवृत्त झाल्यापासून ते येरवड्याच्या कोर्सवर उजाडायच्या आत हजर असतात. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) २२. मला आणि नवऱ्याला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून हा धागा.

आत्तापर्यंत कळलेलं सांगते, चुकत असेल तर सुधारा.

कोर्स सार्वजनिक आहे. पहिल्या टीमागची (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) ती दगडी इमारत आर अँड ए या गोल्फ क्लबची, पण कोर्स क्लबच्या मालकीचा नाही, ट्रस्ट चालवतो. त्यामुळे ओळखपाळख लागत नाही, नशीब लागतं. हंगामात एका फेरीचे ३०० पौंडांहून जास्त. (हा आकडा आईला अजून सांगितलेला नाही.) टूरवाल्यांची हॉटेलसकट पॅकेजं असतात, त्यांचे दर वाचून मी टॅब बंद केला.

खेळायच्या दोन दिवस आधी बॅलट, म्हणजे सोडत, निघतो, पण त्यात किमान दोन खेळाडू लागतात आणि बाबा एकटे. एकट्यांसाठी वेगळी सोडत आहे: आदल्या दिवशी नाव द्यायचं, संध्याकाळी निकाल. पूर्वी लोक रात्रभर रांगेत बसायचे, ते २०२४ पासून बंद झालं. बाबांना याचं चक्क वाईट वाटलं! त्यांची थर्मास वगैरे घेऊन बसायची तयारी होती.

प्रश्न असे:

१. या सोडतीत कुणाचा नंबर लागलाय का? एडिंबराहून रोज ये-जा करावी की तिथेच राहावं?
२. पुण्याच्या क्लबचा हँडिकॅपचा दाखला चालतो का?
३. बाबांचा डावा गुडघा कुरकुरतो. बगी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळेल का?
४. आम्ही दोघी त्यांना खेळताना कुठून पाहू शकतो?

---

वाळूतला_बोका:

माझा नंबर लागला होता, त्यामुळे आशा सोडू नका. पण एका दिवसाच्या भरवशावर येऊ नका. तिथेच मुक्काम करा आणि रोज नाव द्या. एकट्या खेळाडूला दोघा-तिघांच्या गटातल्या रिकाम्या जागी घालतात, त्यामुळे तो कधीकधी बॅलटवाल्यांच्या आधी आत शिरतो. रविवार धरू नका, त्या दिवशी खेळ बंद असतो आणि गाव कोर्सवर कुत्री फिरवतं.

दाखला चालतो. भारतही आता जागतिक हँडिकॅप पद्धतीत आहे. क्लबकडून ताजा कागद घ्या.

बगी मिळणार नाही असंच धरून चाला. चढ फारसे नाहीत, पण जमीन सगळी उंचसखल. कॅडी नक्की घ्या, बॅग तो उचलेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो दिशा सांगेल. बरेचसे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, टीवरून दिसतच नाहीत. एकूण ११२ आहेत.

बाबांना सांगा, पुण्यात चेंडू उंच उडवून ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर) टपकन बसवायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. इथे खाली वाळू, वर आखूड कडक गवत आणि समुद्राचा वारा. चेंडू जमिनीलगत ठेवून मारायचा आणि घरंगळत न्यायचा. आणि लांब पटचा (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या फटक्याचा) सराव हवा. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच हिरवळीवर गावापासून दूर जातानाचा एक होल आणि परत येतानाचा एक. दोन्हींच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. चुकीच्या टोकाला बसलात तर तिथून पट म्हणजे एक प्रवासच.

---

घाटावरची:

मी खेळत नाही, पण नवऱ्यामागे हिंडून शहाणी झालेय. प्रश्न ४: अठराव्या होलच्या फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या गवताळ पट्ट्याच्या) कडेने रस्ता आहे आणि पांढरं कुंपण. तिथे उभं राहिलं की पहिली टी, छोटा दगडी स्विल्कन पूल, शेवटचं ग्रीन सगळं दिसतं. अनोळखी माणसंसुद्धा चांगल्या पटला टाळ्या वाजवतात. आईंना आवडेल.

रविवारी मात्र सगळे मिळून आत फिरून या. सतराव्या होलच्या (यालाच रोड होल म्हणतात) बंकरशी जाऊन वाका. त्याची भिंत म्हणजे पोळ्यांची चवड रचावी तसे गवताचे थर एकावर एक. माझ्या उंचीला कडेवरून झेंडा दिसेना. १९७८च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानच्या नाकाजिमाला यातून बाहेर पडायला चार फटके लागले होते. सतराव्याचा पहिला फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारायचा असतो. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या, त्यांचीच ही नक्कल.

गावची रेल्वे १९६९ला बंद झाली, त्यामुळे गाडीने लूकर्सला उतरून पुढे बस.

---

रोखठोक:

उगाच सगळी सुट्टी सोडतीवर लावू नका. शेजारचा न्यू कोर्स बघा. नाव न्यू, बांधलाय १८९५ला, इथल्याच जुन्या काळच्या गोल्फपटूने, ओल्ड टॉम मॉरिसने. तीच जमीन, तोच वारा, खर्च बराच कमी. ओल्डचं अर्धं कौतुक फोटोचं आहे, सरळ बोलतो.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार!

@रोखठोक, बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यावर मला १७६४मध्ये याच कोर्सवर बावीस होलचे अठरा कसे केले आणि जगाने तोच आकडा कसा उचलला यावर पंधरा मिनिटं ऐकावं लागलं. तात्पर्य, न्यू कोर्स दुसऱ्या नंबरावर. पण तोही बघून ठेवते, सोडतीत नाही लागलं तर हातात काहीतरी हवं.

गावात राहायचं ठरलंय, शुक्रवार ते मंगळवार. शनिवार, सोमवार, मंगळवारच्या खेळासाठी नाव देऊ, रविवारी फिरू. दिवसा आई आणि मी कॅथीड्रलचे अवशेष आणि वेस्ट सँड्सचा किनारा बघू.

एकच राहिलं: नाव द्यायला मी गेले तर चालेल का? बाबांना तेवढीच विश्रांती.

---

वाळूतला_बोका:

नाही, खेळणाऱ्यानेच जायचं. दाखला आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर द्या. आणि सोमवारच्या खेळाचं नाव कधी घेतात ते आधी विचारून ठेवा, मध्ये रविवार येतोय.