मदत हवी आहे: 'गेज'ला हिंदीत नेमकं काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटी बघते. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला (ओतीव भागाला) बोअर, म्हणजे गोल छेद मारून आम्ही माल पुढं पाठवतो. शॉपवर निम्मी पोरं बिहार-यूपीची आहेत. तपासणीच्या टेबलाजवळ मराठी आणि हिंदीत फलक लावायचा आहे. सोमवारी छापायला द्यायचा आहे आणि माझं गाडं एकाच शब्दावर अडलंय: गेज, म्हणजे आमच्याकडं छेदाचं माप बरोबर आहे का ते तपासायचं साधन.

कोशात मापक, मापी, प्रमापी असे शब्द मिळाले. मोबाईलनं 'नापने का यंत्र' सांगितलं. पण नापने का यंत्र म्हटलं की त्यात व्हर्नियरही आला आणि मायक्रोमीटरही आला. ते किती माप आहे ते सांगतात. गेज फक्त हो किंवा नाही सांगतं.

शब्दासाठी एवढं का अडून बसले ते सांगते. आमचा बोअर 25 एच7 चा, म्हणजे छेदाचा व्यास 25.000 ते 25.021 मिमीच्या आत हवा. छेदात घालून बघायच्या प्लग गेजचं लांब टोक गो, ते आत गेलं पाहिजे; आखूड लाल टोक नो-गो, ते आत जाता कामा नये. गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या नव्या पोरानं रजिस्टरात लिहिलं, 'गेज नहीं जा रहा'. सकाळी मी वाचलं आणि समजले की नो-गो जात नाही, म्हणजे माल ओके. त्याला म्हणायचं होतं की गोच जात नाही, बोअर लहान पडलाय. चाळीस जॉब पुढं गेले आणि परत आले. चूक माझी, मी त्याला विचारायला हवं होतं. पण बोलणी त्या पोरानं खाल्ली, आणि ते अजून मनातून जात नाही.

म्हणून दोन गोष्टी हव्यात: गेजला हिंदी शब्द, आणि गो, नो-गो हिंदीत असं कसं लिहायचं की परत घोटाळा होणार नाही.

टूलरूमवाला:
ताई, गेजला गेजच लिहा. तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, प्रमापी द्या म्हणणारा एकही माणूस भेटला नाही, ना मराठी ना हिंदी. फक्त एक दुरुस्ती: सगळीच गेज हो-नाही सांगत नाहीत. डायल गेज, प्रेशर गेज आकडा दाखवतात. तुमचं ते लिमिट गेज.

आणि 'नापने का यंत्र' का चालत नाही तेही बघा. पत्र्याच्या दुकानात 20 गेज मागितला तर तिथं यंत्राचा काय संबंध? ती जाडी झाली. एसडब्ल्यूजीच्या, म्हणजे जाडीच्या ब्रिटिश क्रमांकांच्या हिशेबानं 20 म्हणजे 0.914 मिमी, 22 म्हणजे 0.711. आकडा वाढला की पत्रा पातळ. नवीन पोरं इथं हमखास फसतात, जमलं तर फलकावर हेही घ्या.

हिंदीच्या बाई:
प्रमापी हा शब्द चूक नाही, पण तो पुस्तकातला आहे. हिंदीत गेजला प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द आहे. पाऊस मोजायचं ते वर्षामापी, आपण पर्जन्यमापक म्हणतो. दाबाचं ते दाबमापी. रेल्वेत तर तिसरंच, आमान. मीटर गेजचं ब्रॉडगेज करणं म्हणजे आमान परिवर्तन. आपली कोल्हापूर-मिरज लाईन 1891 साली सुरू झाली तेव्हा मीटर गेजच होती, रुळांत 1000 मिमी अंतर. आता 1676. इथं गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर, म्हणून सगळीकडं एकच हिंदी शब्द शोधत बसू नका.

क्रियापद म्हणून आला तर अंदाज घेणं, हिंदीत आँकना. आणि फलकावर देवनागरीतच 'गेज' लिहा. इंग्रजी स्पेलिंग बघून मुलं 'गॉज' वाचतात, ती जखमेवर लावायची जाळीदार पट्टी.

बावडेकर:
पोरांना समजवायचं असेल तर राजाराम बंधाऱ्यावर न्या. तिथं पंचगंगेची पाणीपातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर किती फूट, किती फूट करत असतं, पण मनात रेघा या दोनच. तुमच्या गेजलाही दोनच रेघा आहेत, खालची आणि वरची.

गोकुळ शिरगावहून:
मी मूळचा गोरखपूरचा, इथं अकरा वर्षं झाली. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्यात पण गेजच बोलतात. घोटाळा 'नहीं जा रहा' यात आहे, कारण कुठलं टोक ते त्यात येत नाही. असं लिहा:

गो साइड: पूरा अंदर जाना चाहिए। नहीं गया तो छेद छोटा है।
लाल साइड: अंदर नहीं जाना चाहिए। गया तो छेद बड़ा है, पीस रिजेक्ट।

रजिस्टरात 'गेज' शब्द बंदच करा. 'छेद छोटा' किंवा 'छेद बड़ा' एवढंच लिहायला सांगा. छोटा असेल तर परत मशीनवर घेता येतो, बड़ा झाला तर गेला.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर 'गेज' आणि खाली गोरखपूरच्या दादांच्या दोन ओळी जशाच्या तशा घेतल्या. पत्र्याच्या गेजचा वेगळा कागद करते.

आज दुपारी चहाच्या वेळी रात्रपाळीच्या त्या पोराला मजकूर दाखवला, त्याची माफीही मागितली. त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, दीदी, लाल टोकाचं चित्र पण काढा, आमच्यातल्या दोघांना वाचता येत नाही. चित्र आता त्याच्याकडूनच काढून घेतेय.