कॉलेजची फी: कर्ज मुलाच्या नावावर, की आईबाबांच्या ठेवी मोडून?

खातेवही:
बारावीचा निकाल लागला की बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत घरोघरी ठेवीच्या पावत्या कपाटातून बाहेर निघतात. माझं म्हणणं, त्या पुन्हा आत ठेवा. फीसाठी शैक्षणिक कर्ज काढा. शिक्षण चालू असेपर्यंत आईबाबांनी फक्त व्याज भरावं, मुद्दल मुलानं नोकरी लागल्यावर फेडावं.

आकडे बघा. फी वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे 6 लाख, व्याजदर समजा 10 टक्के. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत राहतं. पाच वर्षांत ते 2 लाख 10 हजार होतं आणि मग मुद्दलात मिळवलं जातं. 8 लाख 10 हजारांचा दहा वर्षांचा हप्ता साधारण 10,700 बसतो. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं (पहिल्या वर्षी 1,250, दुसऱ्या 2,500, तिसऱ्या 3,750, पुढे 5,000), तर मुलाचा हप्ता 7,930 वर येतो. दहा वर्षांत तीन लाखांच्या वर फरक. काही बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. मंजुरीपत्रात ते कलम आहे का, एवढं वाचून घ्या.

कलाभवनकर:
‘मुलाच्या नावावर’ हे ऐकायला छान आहे. कागदावर आई किंवा बाबा सहकर्जदार असतातच. मुलाचे हप्ते थकले की दोघांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या शिस्तीचे गुण) पडतो आणि धाकटीच्या कर्जाच्या वेळी तेच आडवं येतं. म्हणजे जोखीम तुमचीच, फक्त पाच वर्षं पुढे ढकललेली.

आणि ठेवीवर 7 टक्के मिळतात, 20 टक्के कराच्या टप्प्यात हातात 5.6 उरतात. ते सांभाळायला 10 टक्क्यांनी कर्ज काढायचं, हा कुठला व्यवहार? ठेव मोडायचं जिवावर येत असेल तर ठेवीवरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. बहुतेक ठिकाणी ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त पडतो, आणि जेवढे उचलाल तेवढ्यावरच.

पाणीगेटची ताई:
तुम्ही दोघंही व्याजावर भांडताय, पण आधी फी कमी करा की! गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचं नाव अजून कुणी काढलं नाही. बारावीला 80 पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातल्या 80 जणांच्या पुढे, 80 टक्के नव्हे, या गैरसमजात कितीजण अर्जच करत नाहीत), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांच्या आत. अभियांत्रिकीला शिक्षण शुल्काचा निम्मा भाग, वर्षाला जास्तीत जास्त 50,000. वैद्यकीयला ही मर्यादा 2 लाख, बी.कॉम.-बी.ए.ला 10,000.

अर्ज ऑनलाइन भरला की काम झालं असं समजू नका, मदत केंद्रावर जाऊन कागद तपासून घ्यावे लागतात. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीचा. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरत नसाल तर तसं स्वयंघोषणापत्र. बँक खातं विद्यार्थ्याचं स्वतःचं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. गळती इथेच होते: मुलगा पास असतो, हजेरी 71.

खातेवही:
ताई, मान्य. त्यात एक फाटा जोडतो. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण फक्त यादीतल्या संस्थांसाठी आणि गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशासाठी. शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती नाही. वरच्याच उदाहरणात 3 टक्के म्हणजे पाच वर्षांत 63,000. युवा स्वावलंबनचे चार वर्षांत 2 लाखांपर्यंत होतात. दोन्हींत बसत असाल तर कुठली घ्यायची, हे सांगायला नको.

कलाभवनकर, तुमचा ठेवीचा हिशेब टक्क्यांपुरता बरोबर. पण बावन्नाव्या वर्षी रिकामी झालेली ठेव परत भरणार कधी? साडेसात लाखांपर्यंत विनातारण पैसे मुलाच्या शिक्षणाला मिळतात. सत्तराव्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तसे कोण देणार?

रावपुरेकर:
करारानं मदत करण्यात कमीपणा कसला? सयाजीराव महाराजांनी 1913 साली डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तेही दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर. मुलानं मुद्दल फेडायचं हे कागदावर ठरलेलं बरं.

कलाभवनकर:
करारातला पुढचा भागही सांगा ना. 1917 मध्ये ते नोकरीला बडोद्यात आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही आणि शहर सोडावं लागलं. फेडायची तयारी असणं वेगळं आणि परिस्थितीनं फेडू देणं वेगळं. नोकरी वर्षभर उशिरा लागली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

हिशेबनीस:
कराचं कुणी बोललं नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट (जिला सगळे 80ई म्हणतात) जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही आठ वर्षं. मोजणी त्या करदात्यानं पहिल्यांदा व्याज भरलं त्या वर्षापासून. म्हणजे बाबांनी पहिल्या वर्षापासून व्याज भरलं तर त्यांचं घड्याळ तेव्हाच सुरू होतं, मुलाचं त्यानं भरायला लागल्यावर. आणि घरात नवी करप्रणाली असेल तर हा मुद्दा सोडाच, कर वाचेल म्हणून कर्ज घेऊ नका.

कर्ज 4 लाखांच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणाला 5 टक्के वाटा स्वतःचा. तो एकदम नाही, प्रत्येक सत्राच्या रकमेबरोबर. शिष्यवृत्ती त्यात धरता येते, हे शाखेत आठवणीनं विचारा.

पाणीगेटची ताई:
मुलीच्या नावाचं सुकन्या खातं असेल तर कर्जाआधी ते बघा. अठरा पूर्ण किंवा दहावी पास, यातलं जे आधी होईल त्यानंतर, मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकीच्या 50 टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणासाठी निघते. प्रवेशाचा कागद किंवा फीची मागणी जोडायची. निघते तेवढीच, जेवढी फी खरंच आहे.

कलाभवनकर:
हे पटलं. माझी ठेव मोडायला लागणार नाही असं दिसतंय, निदान पूर्ण नाही.

हिशेबनीस:
पूर्ण नाही, पण थोडी मोडायची तयारी ठेवा. जागा मिळाली की फी काही दिवसांतच भरायची असते, आणि कर्ज मंजूर व्हायला त्याहून जास्त वेळ जातो. पहिल्या सत्राची फी, वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या महिन्याची खानावळ एवढे रोख हाताशी हवेत. भरलेल्या फीची रक्कम बँक नंतर परत देते का, किती दिवसांच्या आत पावती मागते, हे अर्जाच्याच दिवशी विचारून लेखी घ्या.