अनुभव धागा : इंग्रजीचे काळ कुठे अडतात आणि कसे सुटतात?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तेव्हापासूनची मुलं दहा-दहा वर्षं काळ शिकलीत, बारा चौकटींचा तक्ता पाठ म्हणून दाखवतात, आणि तरी तोंडून 'आय डिडन्ट वेन्ट' निघतंच. कोल्हापुरात हा विषय शिकवणारे, घरी मुलांकडून करून घेणारे आणि कामावर रोज इंग्रजी लिहिणारे बरेच जण आहेत. त्यांना विनंती आहे की व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत. चूक नेमकी कुठे होते, का होते आणि ती घालवायला काय करून घ्यायचं, एवढंच लिहा. मराठी वाक्य शेजारी ठेवलंत तर जास्त उपयोग होईल.

माध्यमिक शाळेतली शिक्षिका, राजारामपुरी

पहिली गाठ आपल्या 'आहे'मध्ये आहे. आपण सहज म्हणतो, "फी काल भरलीय." मुलं त्याचं 'आय हॅव पेड द फी यस्टर्डे' करतात. मराठीत 'भरली आहे' आणि 'काल' एका वाक्यात सुखानं नांदतात, इंग्रजीत नांदत नाहीत. हॅव लावलं की बोलणारा आत्ताच्या क्षणात उभा राहून मागं बघत असतो. काल, परवा, दहा मिनिटांपूर्वी, गेल्या दिवाळीत असा वेळेचा शिक्का बसला की ती गोष्ट आत्तापासून तुटली. मग साधा भूतकाळच: 'आय पेड द फी यस्टर्डे.'

प्रश्नातही हेच. "कधी आलायस?" याचं 'व्हेन हॅव यू कम?' होत नाही, 'व्हेन डिड यू कम?' होतं. व्हेननं वेळ विचारली की हॅव बाहेर.

सरावाला वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे शिक्क्याचे शब्द: यस्टर्डे, अगो, लास्ट वीक, इन २०१९. उजवीकडे उघडे शब्द: एव्हर, नेव्हर, येट, सो फार, ऑलरेडी, जस्ट. मग एकच क्रियापद दोन्ही बाजूंनी चालवायचं. 'आय सॉ पन्हाळा लास्ट संडे', 'आय हॅव सीन पन्हाळा'. रोज एक क्रियापद, दोन्हीकडे पाच-पाच वाक्यं. आठ दिवसांत कान तयार होतो. अमेरिकन बोलण्यात ऑलरेडी आणि जस्टबरोबर साधा भूतकाळही चालतो, त्यामुळे सिनेमात 'आय ऑलरेडी एट' ऐकलं तर गोंधळू नका. परीक्षेत मात्र हॅव लिहा.

दुसरी गाठ 'होतो'ची. "गेल्या वर्षी गोव्याला गेलो होतो" यातला 'होतो' फक्त सांगतो की गोष्ट जुनी झाली. इंग्रजीतला हॅड तेवढ्यासाठी नसतो. त्याला दोन घटना लागतात आणि तो आधी घडलेल्या घटनेला लागतो: 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' वहीत हॅड दिसला की मी समासात एकच शब्द लिहिते: 'कशाआधी?' उत्तर त्या वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं नाही तर हॅड खोडायचा. गोव्याचं वाक्य 'आय वेन्ट टू गोवा लास्ट इयर', बस्स.

स्पोकन इंग्लिशचे वर्ग, शाहूपुरी

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. 'होतो'सारखाच घोळ 'आलो'चा आहे.

आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि आपण जागचे न हलता म्हणतो, "आलो, आलो!" रूप भूतकाळाचं, पण येणं अजून व्हायचंय. इंग्रजीत इथे 'आय ॲम कमिंग.' "उद्या येतो" यात रूप वर्तमानाचं आणि वेळ भविष्याची: 'आय विल कम टुमॉरो.' "पाऊस आला तर थांबू" यात आला पुन्हा भूतकाळी, पण इंग्रजीत 'इफ इट रेन्स, वी विल वेट.' आणि "पोचल्यावर फोन करतो" हे 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम.' इफ आणि व्हेननं सुरू होणाऱ्या तुकड्यात विल घालायचं नाही, भविष्याचं बोलत असलो तरीही. 'इफ इट विल रेन' ही चूक 'विल म्हणजे भविष्य' एवढंच पाठ केल्यानं होते.

म्हणून आमच्याकडे मराठी क्रियापदाचं रूप बघून भाषांतर करायला बंदी आहे. आधी तीन प्रश्न: झालंय की व्हायचंय? एकदाच की नेहमीचं? वेळ सांगितलीय का? ही उत्तरं मराठीतच मोठ्यानं द्यायची, मग इंग्रजी वाक्य. सुरुवातीला एका वाक्याला अर्धा मिनिट जातो. जाऊ दे.

आता कोल्हापूरकरांच्या सोयीची गोष्ट. "काय करालायस?" "जेवालोय." आपली ही बोली चालू क्रिया अगदी स्वच्छ दाखवते. प्रमाण मराठीतला 'जेवतो' कधी रोजचा असतो, कधी आत्ताचा. 'जेवालोय' बहुतेक वेळा आत्ताचाच. 'करालोय, लिहालोय, निघालोय' असं म्हणता आलं की ॲम, इज, आर आणि आयएनजी. नाही आलं आणि 'करतोय की रोज' असं निघालं की साधा वर्तमान.

ही चावी एका ठिकाणी फसते. "मला समजालंय", "मला हे आवडालंय" असं आपण बोलतो, पण इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' नाही. 'आय अंडरस्टँड', 'आय लाइक इट.' नो, लाइक, वॉन्ट, नीड, बिलीव्ह, बिलाँग, ओन ही मनाची किंवा मालकीची क्रियापदं सहसा आयएनजी घेत नाहीत. हॅव दोन्हीकडे जातो. मालकी असेल तर 'आय हॅव अ बाइक', पण मिसळ खाताना 'आय ॲम हॅविंग मिसळ' अगदी बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे खाणं.

फाउंड्रीत क्वालिटीचं काम, शिरोली एमआयडीसी

काळ चुकला तर गिऱ्हाईक उलटा अर्थ घेतं, एवढंच कामावरून सांगतो.

'द फर्नेस वॉज डाउन फॉर टू डेज' म्हणजे भट्टी दोन दिवस बंद होती, आता चालू आहे. 'द फर्नेस हॅज बीन डाउन फॉर टू डेज' म्हणजे अजून बंदच आहे. दोन वाक्यांत फरक फक्त 'वॉज' आणि 'हॅज बीन'चा. पहिलं लिहायचं असताना दुसरं लिहिलं की पलीकडून माल कधी मिळणार म्हणून फोन येतो.

कागदाचा प्रकार ठरला की काळही जवळजवळ ठरतो. काम कसं करायचं त्या शीटवर सरळ आज्ञा: 'क्लीन द मोल्ड', 'चेक द टेंपरेचर'. शिफ्ट रिपोर्टला साधा भूतकाळ, वेळेसकट: 'लाइन टू स्टॉप्ड ॲट १०:४०. वी रिप्लेस्ड द बेअरिंग.' शेवटी आत्ताची स्थिती: 'द लाइन इज रनिंग नाऊ.' गिऱ्हाइकाच्या मेलला आधी निकाल, मग तारीख: 'द कास्टिंग्ज हॅव बीन डिस्पॅच्ड. दे लेफ्ट अवर प्लांट ऑन मंडे.' पहिल्या वाक्यात वेळ नाही म्हणून हॅव, दुसऱ्यात वार आहे म्हणून लेफ्ट. वर शिक्षिकांनी सांगितलेला शिक्का तो हाच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक 'मटेरियल इज डिस्पॅच्ड यस्टर्डे.' मराठीत "माल काल पाठवलेला आहे" बरोबर बसतं, म्हणून इज येतो. वॉज करा. दुसरी चूक, 'मटेरियल विल डिस्पॅच टुमॉरो.' माल स्वतः स्वतःला पाठवत नाही. 'विल बी डिस्पॅच्ड.'

तक्रारीचं उत्तर लिहिताना दोन रंगांचे पेन घ्या. केलेलं एका रंगात, करणार ते दुसऱ्या. 'वी हॅव चेंज्ड द गेज' आणि 'वी विल ट्रेन द ऑपरेटर्स' यांची सरमिसळ झाली तर ऑडिटच्या दिवशी न झालेल्या कामाचा पुरावा मागतात.

स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारा, बिंदू चौकाजवळ

सिन्स आणि फॉर. आपल्या 'पासून'ला दोन्ही चालतं, "सकाळपासून" आणि "दहा वर्षांपासून". इंग्रजीत सकाळ हा बिंदू आहे, तिथे सिन्स. दहा वर्षं ही लांबी, तिथे फॉर. त्यात आपण म्हणतो, "दहा वर्षांपासून इथे राहतो", वर्तमानात. त्यातून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' जन्मतं, एका वाक्यात दोन चुका. 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स.' चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात सिन्स दिसला की आधी डावीकडे हॅव, हॅज किंवा हॅड आहे का बघा. मात्र सिन्सचा अर्थ 'कारण' असेल तर हा नियम लागत नाही. तिथे बरेच गुण जातात.

"तो म्हणाला की मी येतो." मराठीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं येतं. इंग्रजीत ही सेड आल्यावर 'मी'चा 'तो' होतो आणि काळ एक पायरी मागं सरकतो: 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग.' पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशा कायमच्या सत्याला मागं सरकावं लागत नाही.

घरी मुलांचा अभ्यास घेणारी आई, कसबा बावडा

अनियमित क्रियापदं एबीसीडीच्या क्रमानं पाठ करून घेऊ नका. आवाजानं गट पाडा. कट, पुट, हिट, शट ही तिन्ही रूपांत तशीच. सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, बिल्ड-बिल्ट. ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट, कॅच-कॉट, टीच-टॉट. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन. एका गटातलं एक आलं की बाकीची त्याच्या मागून येतात. रीड लिहायला तिन्ही वेळा सारखं, पण बोलताना रीड-रेड-रेड, हे वाचून दाखवल्याशिवाय मुलांना कळत नाही. फॉल-फेल-फॉलन आणि फील-फेल्ट-फेल्ट एका दिवशी घेऊ नका, एकमेकांत मिसळतात.

रोज पाच, आठवड्यातले पाच दिवस. पाच आठवड्यांत १२५ होतात, शाळेपुरती पुष्कळ. पहिल्या दिवशी शिकलेली तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा विचारायची. आणि सुटी रूपं नाही, वाक्यातच: 'आय बॉट', 'डिड यू बाय?', 'आय डिडन्ट बाय', 'आय हॅव बॉट'. चारही एका दमात. धाग्याच्या सुरुवातीला जो 'डिडन्ट वेन्ट' आलाय तो इथेच मोडतो. भूतकाळ डिडनं घेतला, मग क्रियापद मोकळं, पहिल्या रूपात. मराठीत "गेलो नाही" म्हणताना भूतकाळ 'गेलो'वरच राहतो, म्हणून मुलं वेन्ट सोडत नाहीत.

उच्चाराबद्दल थोडं, लक्ष्मीपुरीतून

ईडीचा उच्चार सगळे 'एड' करतात: वर्केड, स्टॉपेड, कॉलेड. खरे उच्चार तीन. क्रियापद ट किंवा ड आवाजानं संपलं तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. प, क, फ, स, श, च यांनंतर ट: स्टॉप्ट, वर्क्ट, वॉश्ट, वॉच्ट. बाकी ठिकाणी ड: कॉल्ड, प्लेड, लिव्ड. गळ्यावर दोन बोटं ठेवून शेवटचा आवाज काढा. थरथर लागली तर ड, नाही तर ट.

शेवटचा ट किंवा ड गिळला तर 'आय लिव्ड इन सांगली'चं 'आय लिव्ह इन सांगली' ऐकू येतं आणि मुलाखत घेणारा समजतो तुम्ही अजून सांगलीतच आहात. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर जोडून म्हणा, 'लिव्-डिन', 'वर्क्-टिन'. प्रत्येक गटातली दहा क्रियापदं घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका की भूतकाळ ऐकू येतो का.

पुन्हा राजारामपुरी

साध्या वर्तमानाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. तो फक्त रोजच्या सवयीचा नाही, ठरलेल्या गोष्टींचाही आहे. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. दर वर्षी नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीचे किरण गाभाऱ्यात येतात: 'द रेज एंटर द टेंपल एव्हरी इयर.' देवळात आत्ता उभं राहून सांगायचं असेल तर 'द रेज आर एंटरिंग नाऊ.' आणि गाडीची वेळ: 'द बस लीव्ज ॲट सिक्स', सुटणार संध्याकाळी असली तरी.

तो आणि ती आले की एस. मराठीत 'करतो' आणि 'करते' वेगळं, इंग्रजीत दोघांना 'वर्क्स'. एस विसरण्याचं मुख्य कारण, सराव नेहमी आयनं सुरू होतो. तो उलटा करा. सुरुवातीचे पंधरा दिवस वाक्यं फक्त घरच्या माणसांबद्दल: 'माय फादर ड्राइव्ह्ज', 'माय ग्रँडमदर मेक्स'. प्रश्नात डझ तो एस घेऊन जातो, 'डझ शी मेक?' आणि मेकवर एस उरत नाही.

शिरोली, वरचाच

तक्ता पाठ करायचा की नाही यावर एक मत. पाठ असू दे, पण सरावाचा क्रम वेगळा ठेवा: साधा वर्तमान, साधा भूतकाळ, चालू वर्तमान, विल, मग हॅव. हॅड आणि हॅव बीन त्यानंतर. 'विल हॅव बीन वर्किंग' अगदी शेवटी. आमच्या मेलमध्ये ते वर्षातून एखाद वेळी लागतं, आणि शाळेत त्याच्यावर तेवढाच वेळ जातो जेवढा 'वेन्ट'वर.