मोह म्हणजे नुसती दारू नव्हे

एकांनी लिहिलेलं वाचलं की गोंड आदिवासींना मोहाच्या झाडाचा उपयोग दारूपुरताच. वाईट वाटलं. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली, लहानपण मोहाखालीच गेलं.

मार्च-एप्रिलात फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन सगळं घर झाडाखाली असायचं, कारण उशीर केला तर गुरं नि हरणं आधी पोचायची. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची, की पावसाळ्याची बेगमी झाली. आजी ती भाजून तिळासोबत कुटायची आणि लाडू वळायची. शेतातली कामं निघत नि घरातलं धान्य संपत येई, त्या दिवसांत हेच पोटाला आधार. पुढे बियांचं तेल निघतं. आमच्याकडे स्वयंपाकात आणि दिव्यात तेच. उरलेली पेंड शेतात.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: गळतात त्या फक्त गरदार पाकळ्या. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणून फुलं कितीही वेचली तरी फळ कमी होत नाही. मात्र वेचणं सोपं व्हावं म्हणून खालचा पाला पेटवतात, ते थांबायला हवं. रोपं त्यातच जळतात.

आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळाला. तेव्हापासून जंगलाचं काय करायचं ते तिथली ग्रामसभा ठरवते. मोह तोडायचा विचार आमच्यात कोणी करत नाही, लग्नाच्या मांडवातही त्याची डहाळी लागते.